पडद्यावरचे झाड आणि खिडकीतले झाड

जे झाड जमिनीत कधी रुजलेच नाही, ते पाहून माणसाचे मन का भरून यावे? डिसेंबर २००९ मध्ये ‘अवतार’ हा इंग्रजी चित्रपट आला. त्यातील पँडोराचे जंगल, रात्री उजळणाऱ्या झाडेवेली, हवेत तरंगणारे डोंगर हे सारे बहुतांशी संगणकावर तयार केलेले. तरीही चित्रपट पाहून घरी गेलेल्या काही प्रेक्षकांना उदास वाटू लागले. आपली दुनिया त्यांना बेरंग भासू लागली. जानेवारी २०१० मध्ये तशा बातम्या अमेरिकेत छापून आल्या आणि पुष्कळांनी त्या प्रेक्षकांची थट्टा केली. माझ्या मते त्यात थट्टा करण्यासारखे काही नव्हते. हिरवळ दिसली की मन निवते. ती शेतातली की पडद्यावरची, ही चौकशी ते मागाहून करते.

शास्त्रज्ञांनीही ही चौकशी केली आहे. इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ९६ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी या लोकांना मुद्दाम कंटाळा आणला. कसा? तर ऑफिसचे सामान पुरविणाऱ्या कंपनीतले आपले काम एक माणूस सांगत बसतो, अशी फिल्म दाखवून! (आम्हा कारकून मंडळींना त्यासाठी वेगळी फिल्म लागत नाही.) मग त्यांना समुद्रातील प्रवाळ आणि मासे दाखविले. काहींनी ते टी.व्ही.वर पाहिले, काहींनी डोळ्यांवर चढविलेल्या यंत्रातून खरे चित्रीकरण पाहिले, तर काहींनी त्याच यंत्रातून संगणकाने रचलेला समुद्र. कंटाळा तिन्ही गटांचा गेला. परंतु मनाला हुरूप चढला तो संगणकाच्या समुद्रानेच, कारण तिथे हातातल्या साधनाने त्या समुद्रात स्वतः काही करता येत होते. माणसाला नुसते पाहत बसणे पुरत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ९० जणांचा अभ्यास मांडला. एका खोलीत खरी खिडकी, बाहेर झाडे. दुसरीत खिडकीच्या जागी मोठा पडदा आणि त्यावर तेच दृश्य. तिसरीत काहीच दृश्य नाही. थोडा ताण दिल्यानंतर खिडकीपाशी बसलेल्यांच्या हृदयाचे ठोके लवकर पूर्ववत झाले. पडद्याचा उपयोग मात्र कोऱ्या भिंतीइतकाच! मन रमले म्हणून शरीर फसतेच असे नाही.

हे आपल्या घरात का सांगायचे? कारण खिडकी कोणाला आणि पडदा कोणाला, हा प्रश्न आपल्याच वस्तीचा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कितीतरी इमारतींत खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत येते. पडदा स्वस्त होत चालला आहे आणि मोकळी जागा महाग. उद्या कोणी दवाखान्यात, शाळेत झाडांऐवजी पडदा लावून देतो म्हणाला, तर आपण काय उत्तर देणार? रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हानियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना जबर वेदनाशामक औषधेही कमी लागली. वॉर्डाचा नकाशा बनतानाच ही नोंद नगरसेवकाच्या टेबलावर ठेवायला हवी.

घरातली आजारी आजी मोबाईलवर धबधबे पाहत असेल, तर तो हिसकावून घेऊ नका. तो धबधबा संगणकाने काढलेला असला तरी तिला मिळालेला विसावा खोटा नाही. फक्त तिची खाट खिडकीकडे सरकवा. खिडकीत भिंतच दिसत असेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून पुदिन्याच्या चार काड्या खोचा, आणि पाणी घालायचे काम तिच्याकडेच द्या.