सहा वर्षांनंतरचा मे महिना

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं, की दोन इमारती शेजारी शेजारी दिसतात. एक जिल्हा परिषदेची शाळा, दुसरी अंगणवाडी. पुष्कळदा आवारही एकच असतं. शाळेला कुलूप असतं आणि फळ्यावर शेवटच्या दिवसाची तारीख तशीच राहिलेली असते. अंगणवाडीच्या चुलीवर मात्र पातेलं चढलेलं असतं. आठ वर्षांची बहीण पाच वर्षांच्या भावाला कडेवर नाहीतर बोटाला धरून आणते, त्याची ताटली सेविकेच्या हातात देते आणि बाहेर पडवीत थांबते. तिचं नाव आतल्या हजेरीपटावर नाही. दोन वर्षांपूर्वी होतं.

अंगणवाडीच्या पूरक आहाराचा हिशेब वर्षाला ३०० दिवसांचा आहे. शाळेतला पोषण आहार शाळेच्या कामाच्या दिवसांना बांधलेला आहे आणि शिक्षण हक्क कायद्याने ते दिवस पहिली ते पाचवीसाठी किमान २००, सहावी ते आठवीसाठी २२० ठरवले आहेत. म्हणजे मूल सहा वर्षांचं झालं, पहिलीत गेलं, की सरकारच्या लेखी त्याचे जेवणाचे शंभरेक दिवस कमी होतात. त्यातला सर्वांत लांब सलग तुकडा २ मेपासून १४ जूनपर्यंतचा. पोटाला उन्हाळी सुट्टी देणारा हा नियम कुणी दुष्टपणाने केलेला नाही. दोन खात्यांनी आपापली कॅलेंडरं वेगवेगळी छापली आणि मधल्या फटीत सहा ते चौदा वयाची मुलं राहिली.

आता हा मुलूख. कागदावर तो कोरडा नाहीच. पावसाळ्यात माळशेजच्या आणि कसाऱ्याच्या घाटाखाली इतकं कोसळतं, की मुंबईकर धबधबे बघायला गाड्या घेऊन येतात. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. आणि एप्रिल उजाडला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. हा विरोधाभास इतक्यांदा लिहून झालाय, की आता तो वाचताना कुणाच्या कपाळावर आठीही पडत नाही. पण मुलांच्या जेवणाशी त्याचा थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

इथली वस्ती कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कुणबी-आगऱ्यांची. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडमधली ७७ गावं येतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. कुपोषणाच्या बातम्यांमधले जव्हार-मोखाडे तिकडे गेले आणि उरलेल्या ठाणे जिल्ह्याची ओळख मॉल, मेट्रो आणि महापालिका अशी झाली. डोळखांब, किन्हवली, टोकावडे ही नावं त्या ओळखीत बसत नाहीत. जिल्ह्याची सरासरी काढली की ती आपोआप पुसली जातात.

भात एकपिकी. खाचरातलं धान्य होळीपर्यंत पुरलं तर घर नशीबवान. उतारावरची नाचणी-वरई त्याहून थोडी. मार्चमध्ये मोहाची फुलं, मग कैऱ्या, करवंदं, जांभळं, फणस. रानमेवा हा शब्द शहरात कौतुकाने उच्चारतात. इथे करवंदं पानाच्या द्रोणात भरून मुलं रस्त्याच्या कडेला उभी असतात ती विकण्यासाठी. तोंडातही टाकतात, पण करवंदाने पोट भरत नाही. खरी ओढाताण मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत. आदिवासी विकास महामंडळाच्या खावटी कर्जाची कल्पनाच मुळी या महिन्यांसाठी होती. कोरोनाच्या काळात ती खावटी पुन्हा सुरू झाली, तेव्हा कुटुंबामागे ४,००० रुपयांचं अनुदान ठरलं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तूंच्या रूपात.

या सगळ्यात अंगणवाडी मे महिन्यात काय करते, ते बारकाईने बघण्यासारखं आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचं पाकीट मिळतं. तीन ते सहाच्या मुलांना गरम ताजा आहार, तो बहुतेक ठिकाणी गावातला महिला बचत गट शिजवतो. निकष साधा होता: दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. त्यावर आदिवासी भागात नोव्हेंबर २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. सुरुवातीला ती गरोदर आणि स्तनदा मातांसाठी एक वेळचं पूर्ण जेवण देणारी होती: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडं. ऑगस्ट २०१६ पासून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांनाही आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं सुरू झालं.

अमृत आहाराची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ती गावात शिजते. ठेकेदाराचं पाकीट कुठल्या गोदामातून आलं, कुणाला ठाऊक नसतं. इथे डाळ गावच्या दुकानातली, अंडी बाजाराच्या दिवशी आणलेली, खर्च गावातल्याच आहार समितीच्या नजरेखाली. नावडती गोष्टही तिथेच आहे. निधी उशिरा आला, की सेविका दुकानदाराकडे उधारी करते. दुकानदार ओळखीचा असतो म्हणून देतो आणि ओळखीचा असतो म्हणून चारचौघांत मागतो. मानधनावर काम करणाऱ्या बाईच्या उधारीवर सरकारी योजना चालते, ही गोष्ट आपण फार सहज गिळली आहे.

तरीही मे महिन्यात ती चालते. सेविका आणि मदतनीस आळीपाळीने सुट्टी घेतात, चूल एकदम विझत नाही. शाळेच्या चुलीचं काय?

तिचा इतिहास न्यायालयाने लिहिला. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायला मिळायचं. एप्रिल २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. गोदामं भरलेली आणि राजस्थानात माणसं उपाशी, असा तो दावा होता. त्यातून २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश निघाला, की शाळेत शिजवलेलं अन्न द्या. महाराष्ट्रातल्या मुलांच्या तोंडी खिचडी आली ती त्यानंतर. याच खटल्यात २० एप्रिल २००४ ला न्यायालयाने आणखी एक वाक्य जोडलं: दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना हे जेवण द्यावं. मे २०१६ मध्ये स्वराज अभियानच्या याचिकेवर तोच आदेश पुन्हा झाला. शिवाय त्या काळात आठवड्यातून निदान तीन दिवस अंडं, दूध किंवा तसंच काही पौष्टिक द्यावं, असंही सांगितलं गेलं.

म्हणजे सुट्टीतलं जेवण ही नवी कल्पना नाही, ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची जुनी आज्ञा आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ च्या उन्हाळ्यात दुष्काळी तालुक्यांत शाळांच्या चुली सुट्टीतही पेटत्या ठेवल्या. अडचण आहे ती 'दुष्काळग्रस्त' या अटीत. दुष्काळ ठरतो पावसाच्या तुटीवरून, पिकाच्या आणेवारीवरून, जमिनीतल्या ओलाव्यावरून. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात भरणा होता मराठवाडा, विदर्भ आणि घाटमाथ्यापलीकडच्या महाराष्ट्राचा. घाटाखालचा भरपूर पावसाचा तालुका अशा यादीत सहसा बसत नाही. इथली भूक पावसाच्या तुटीतून येत नाही. ती एकपिकी भातातून आणि मजुरीच्या हंगामातून येते. ती मोजण्याची पट्टी महसूल खात्याकडे नाही.

कोरोनात ही अट काही काळ गळून पडली. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने सांगितलं, की सुट्टीतही पोषण आहार द्या. पुढच्या उन्हाळ्यात तो पैशाच्या रूपाने द्यायचं ठरलं. महाराष्ट्रात ३५ दिवसांचे पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २३४ रुपये आले. ते घेण्यासाठी मुलाच्या नावाचं बँक खातं हवं होतं. दीडशे रुपयांसाठी आईने रोज बुडवून मूल घेऊन तालुक्याच्या गावी जायचं, आधारच्या झेरॉक्स काढायच्या, रांगेत उभं राहायचं. जाण्यायेण्याच्या भाड्यातच ते जेवण संपत होतं. शिजवलेल्या भाताला खातं लागत नाही, एवढं तरी त्या वर्षी कळायला हवं होतं.

श्रीमंत देशांनी हा प्रश्न आपल्याआधी ओळखला. अमेरिकेत १९६८ पासून सुट्टीतल्या मुलांसाठी सरकारी जेवण आहे. बागेत, ग्रंथालयात, चर्चच्या आवारात केंद्र असतं आणि मूल आलं की त्याला वाढतात. ब्रिटनमध्ये जून २०२० मध्ये मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने सरकारला सुट्टीतली जेवणाची कुपनं द्यायला भाग पाडलं. तो स्वतः लहानपणी शाळेच्या फुकट जेवणावर वाढला होता. भूक शाळेचं वेळापत्रक पाळत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आपल्या दोन तालुक्यांत मात्र अमेरिकेची नक्कल चालणार नाही, कारण इथलं वेळापत्रक वीटभट्टीचं आहे. दिवाळीच्या आगेमागे कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हंगामाच्या शेवटी. मुलंही बरोबर. त्यांच्यासाठी भट्टीवरच शाळा भरवण्याचा प्रयोग, भोंगा शाळा, विधायक संसद या संस्थेने केला आणि शासनालाही त्याची दखल घ्यावी लागली. मेच्या अखेरीस, पावसाचे ढग दिसायला लागले, की भट्ट्या थंडावतात आणि कुटुंबं पाड्यावर परततात. बहुतेकांच्या हिशेबात उचल फिटून हातात फारसं काही उरलेलं नसतं. लावणीची मजुरी सुरू व्हायला पाऊस नीट लागावा लागतो. शाळा १५ जूनला उघडते. जूनचे ते पहिले दोन आठवडे वर्षातले सर्वांत रिकामे. मजुरी नाही, धान्य नाही, रानातली फळं संपत आलेली आणि शाळेला कुलूप.

त्यात आश्रमशाळेतली मुलंही घरी असतात. शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत त्यांना नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं मिळतं, त्या जेवणाच्या दर्जावर वेगळा लेख होईल. पण सुट्टी लागली की तीन वेळचं खाणारी ही वाढत्या वयाची मुलं एका वेळच्या घरात येतात.

मग उन्हाळी जेवण चालवायचं कसं? शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बायकांना विचारलं तर उत्तर अगदी व्यवहारी मिळतं. बारा वाजता मुलं येणार नाहीत, तेव्हा ती पाण्यावर नाहीतर जंगलात असतात. सकाळी आठ-साडेआठला पातेलं उतरलं पाहिजे. मोड आलेल्या मटकीची उसळ या उकाड्यात नको, दुपारपर्यंत आंबते. मसूर, मूगडाळ, चवळी बरी. अंडी एकदम महिन्याची आणायची नाहीत, आठवडे बाजाराला धरून आणायची. सरपण मेमध्ये कोरडं मिळतं, पण जूनच्या पहिल्या सरीआधी पडवीत रचून ठेवावं लागतं. आणि पाणी. पाण्याशिवाय यातलं काहीच होत नाही, म्हणून टँकरच्या फेऱ्यांत स्वयंपाकाचे हंडे आधी धरायचे. एवढं सगळं त्यांना पाठ असतं. त्यांचं मानधन मात्र वर्षातले दहाच महिने निघतं. केंद्राच्या योजनेने वर्षच दहा महिन्यांचं धरलं आहे. चूल सुट्टीत पेटवायची तर उरलेले महिनेही त्यांना द्यावे लागतील, नाहीतर पुन्हा कुणातरी बाईच्या फुकट कष्टांवर आपण पुण्य मिळवू.

सुट्टीच्या दिवसांत ठाणे-डोंबिवलीहून काही मंडळी गाड्या भरून येतात, बिस्किटं आणि कडधान्यं वाटतात, फोटो काढतात. त्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण मुलाला एका रविवारी चार पुडे मिळण्यापेक्षा अडतीस सकाळी एक ताटली मिळणं कितीतरी मोलाचं.

तो हिशेब मांडून बघू. पाड्यावरच्या शाळेत पहिली ते पाचवीची ३० मुलं धरा. २ मे ते १४ जून, रविवार वगळून सुमारे ३८ दिवस. मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ११४ किलो. मे २०२५ पासून प्राथमिक वर्गासाठी शिजवण्याच्या साहित्याचा दर मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आहे, त्या दराने सुमारे ७,७०० रुपये. यात स्वयंपाकी बाईंचं मानधन आणि अंडी मिळवली, तरी एका मोठ्या गावच्या जत्रेतल्या मंडपाहून खर्च कमीच येईल.

राज्याने दुष्काळाची अट काढून अनुसूचित क्षेत्राची अट घालावी, हा सरळ उपाय. तो मंत्रालयात होईल तेव्हा होईल. तोवर पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना, एक वाट मोकळी आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी अशा ग्रामपंचायतींकडे थेट येतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभा ठरवते. तो बहुतेकदा रस्ता, मोरी, सभामंडप यांत जातो. त्यातली एक ओळ सुट्टीतल्या जेवणासाठी राखावी, भांडी शाळेची आणि चूल अंगणवाडीची वापरावी, आणि जूनचे पहिले दोन आठवडे तर कुठल्याही परिस्थितीत सोडू नयेत. असा ठराव मांडायचा असेल, तर १ मेच्या ग्रामसभेची वाट बघू नका. तेव्हा शाळेच्या कुलपाला एकच दिवस उरलेला असतो. २६ जानेवारीच्या सभेतच तो मांडा.