धातु-ऑक्साइडांच्या पटलांतील तापविद्युत्

सातारा व सांगली हे जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात त्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना 1962) तप्त काचेवर क्षारद्रावण फवारून धातु-ऑक्साइडांची पातळ पटले करण्याचे संशोधन दीर्घकाळ होत आले आहे. अशा पटलाचे एक टोक तापविल्यास दोन टोकांत विद्युद्दाब उत्पन्न होतो; सीबेक याने 1821 मध्ये धातूंत पाहिलेला परिणाम तो हाच. जस्ताच्या ऑक्साइडात काही जस्त-अणूंची जागा ॲल्युमिनियमने घेतली, की मुक्त इलेक्ट्रॉन वाढतात. त्यामुळे विद्युत्संवाहकता वाढते. परंतु तापमानाच्या दर अंशामागे मिळणारा दाब घटतो. पटलाची शक्तिक्षमता या दाबाचा वर्ग व संवाहकता यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने अपद्रव्याचे मध्यम प्रमाणच श्रेयस्कर ठरते. सबब केवळ रोध मोजून पटलाची निवड करणे फसवे होय.