वाँटेजची पत्रे

ताठ मानेचे लोक हे बायबलातील एक प्रसिद्ध दूषण आहे; मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांना ते प्रथम लावले गेले आणि पुढे ख्रिस्ती उपदेशकांच्या तोंडी कायमचे बसले. ईश्वर नवी वाट दाखवीत असता जो जुन्या वाटेवरून हटत नाही तो ताठ मानेचा, इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. तंटा लागतो तो समोरच्याची मान देवापुढे ताठ आहे की केवळ आपल्यापुढे, हे ठरविण्याचा अखत्यार कोणाचा, या मुद्द्यावर. आणि या तंट्याचे, पंडिता रमाबाई व त्यांच्या इंग्लंडातील हितचिंतक यांच्या पत्रव्यवहाराइतके बोलके दफ्तर निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने १८८३ साली इंग्लंडात गेलेल्या, परंतु बहिरेपणामुळे तो विचार सोडावा लागलेल्या या विधवेने त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे आपल्या चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईने वडिलांपासून चालत आलेली शास्त्रे मुखोद्गत करून, ती तपासून, अखेर बाजूस ठेवली, जातीबाहेरच्या बंगाली गृहस्थाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि इतके होऊनही सत्याचा शोध आटोपला असे मानले नाही, तिच्या ठिकाणी परिवर्तनाची तयारी नव्हती असे म्हणण्यास मोठेच धाडस लागेल. वाँटेजच्या भगिनीसंघातील सिस्टर जेरल्डाइन यांनी ते केले. त्या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत, आणि याच आजीबाईंशी त्यांचे सर्वांत कडाक्याचे वाद झाले.

निमित्ते वरकरणी क्षुल्लक होती. रमाबाई मांस तर नाहीच, पण अंडे घातलेले पक्वान्नही खात नसत, आणि जेरल्डाइनबाईंना त्यात जातीचा शिल्लक राहिलेला अभिमान दिसे. आपले काही पूर्वग्रह उरले असतील, हे रमाबाईंनी नाकारले नाही. मात्र हिंदुस्थानात राहणारी इंग्रज बाई आपला पोशाख व आपले जेवण सोडीत नाही तेव्हा तिला कोणी गर्विष्ठ म्हणते काय, असा उलट सवाल त्यांनी टाकला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, यावरही खटका उडाला. आमच्या लोकांना लॅटिन कळत नाही, मग ते अंगावर मिरवून साधायचे काय, हा रमाबाईंचा युक्तिवाद. आणि प्रकरण हातघाईवर आले ते त्र्यैक्याच्या सिद्धान्तावर: जे पवित्र शास्त्रात स्वतः वाचून आपल्याला पटेल ते मानू, परंतु ब्राह्मणांच्या पौरोहित्याचे जोखड महत्प्रयासाने उतरविल्यावर बिशपांचे तेवढेच जड जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी रोखठोक लिहून टाकले. जेरल्डाइनबाईंच्या लेखी हा अहंकार होता. विनय म्हणजे आज्ञापालन, हे त्यांच्या आयुष्याचेच सूत्र असल्यामुळे त्यांना याहून वेगळे दिसणे कठीणच होते.

चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांची रीत निराळी. रमाबाईंच्या शंका हा अपराध न समजता त्यांनी लांबलचक पत्रे लिहून प्रत्येक शंकेशी विचारविनिमय केला, आणि ही विदुषी ख्रिस्ती धर्माकडे तत्त्वज्ञान म्हणूनही पाहणारच, हे ओळखले. एका हिंदी स्त्रीने तरुण पुरुषांना शिकवावे की नाही यावर मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली तेव्हा रमाबाईंनी आश्चर्य प्रकट केले ते असे, की माझ्या वडिलांना किंवा पतीला ज्यात काही वावगे दिसले नाही त्यात इंग्रजांना का दिसावे! लवचीकपणाचे धडे कोणी कोणाला द्यावेत, हा प्रश्न या एका वाक्याने पुरता उलटा होतो.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मात्र रमाबाईंनी आपल्याविषयी स्वतःच निवाडा दिला, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता. जो कबुलीजबाब आजीबाईंच्या आग्रहाने निघाला नाही तो एकान्तातील वाचनाने निघाला. यानंतरच्या रमाबाई अधिक श्रद्धाळू आहेत तशा अधिक कडकही आहेत. हिंदुस्थानात परतून त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदनातील मुलींना धर्माच्या बाबतीत मोकळीक असेल, या भरवशावर रानडे-भांडारकरांसारख्या हिंदू सुधारकांनी सल्लागारपद पत्करले होते. १८९३ साली, मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत असे दिसताच, त्यांनी ते सोडले. सदनाचे दरवाजे उघडे ठेवून प्रार्थना केली, यात रमाबाईंना वचनभंग दिसला नाही. मला वाटते, आईबापांच्या बाजूने पाहिले असते तर दिसला असता.

उतारवयात केडगावी, आपल्या मुक्तिसदन या आश्रमात, त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत उतरविले. क्रूसावर संस्कृत मागणारी हीच पंडिता आता वेदान्ताचा वास येणारे संस्कृत शब्द वेचून बाहेर काढीत होती, आणि कारण मात्र वाँटेजला होते तेच: साध्या बाईला कळले पाहिजे. १९२२ च्या एप्रिलात देहावसान होण्यापूर्वी थोडेच दिवस हे काम हातावेगळे झाले. त्याचे खिळे मुक्तिसदनातील स्त्रियांनी जुळविले. संस्कृत टाळण्याच्या अट्टहासाने त्यातील गद्य ठिकठिकाणी अडखळते, हे कबूल केले पाहिजे. मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचे भाषांतरच पुढेही चालू राहिले. वाँटेजची पत्रे मात्र टिकली, आणि ती जपून त्यांचा संग्रह केला तो, ज्यांची त्यांत इतकी हजेरी घेतली गेली होती, त्या जेरल्डाइनबाईंनीच; महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ साली छापला.