नवकारशीपूर्वीचे पुणे

लग्नकार्य, मुलांचे महाविद्यालयीन प्रवेश, रुग्णालयातील तपासण्या किंवा चातुर्मासातील गुरुदर्शन अशा निमित्तांनी अनेक जैन कुटुंबे पुण्यास येत असतात. मुक्काम बहुधा उपनगरातील एखाद्या प्रशस्त हॉटेलात होतो. वाहन उभे करण्यास जागा मिळते, खोलीही सोयीची असते; परंतु दोन दिवसांनी परतताना मिठाईचे पुडे तेवढे सोबत असतात आणि पुणे पाहावयाचे राहूनच जाते. ज्यांना या नगरीचे ऐतिहासिक चौक पाहावयाचे असतील, त्यांनी दोन गोष्टींचा आधी निर्णय करावा: मुक्काम कोठे करावा आणि घराबाहेर कोणत्या वेळी पडावे.

पुण्यातील चौक हे जयपूरच्या चौपडींसारखे नाहीत. सवाई जयसिंह महाराजांनी 1727 मध्ये वसविलेल्या जयपुरात चौपडी नगररचनेबरोबरच आखल्या गेल्या. पुण्यात 10 जानेवारी 1730 रोजी पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. त्यानंतर पेठा वाढत गेल्या आणि त्यांचे रस्ते जेथे एकमेकांस मिळाले, तेथे चौक झाले. त्यामुळे येथे विस्तीर्ण प्रांगण वा कारंजे शोधू नये. पुण्याच्या चौकाचे खरे स्मारक म्हणजे त्याचे नाव. मात्र दुपारी वाहनांच्या गर्दीत ते नाव वाचण्यासही उसंत मिळत नाही.

म्हणून वेळ निवडावी ती सूर्योदयाची. सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारशी येते. तेवढ्या अवधीत शनिवारवाड्यापासून महात्मा फुले मंडईपर्यंतचा मार्ग ज्येष्ठांनाही सावकाश चालता येतो. कार्तिकी पौर्णिमेनंतरचे थंडीचे दिवस यासाठी उत्तम.

प्रारंभ शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापासून करावा. 1828 च्या आगीत आतील महाल नष्ट झाले. तट आणि दरवाजे उरले. दरवाज्यावरील अणकुचीदार खिळे हत्तींच्या धडकेपासून रक्षणासाठी होते, हे मुलांना अवश्य दाखवावे. वाड्यापुढील पटांगणात पूर्वी भाजीबाजार भरत असे. हा बाजार पुढे कोठे गेला, ते या फेरीच्या शेवटी कळते.

तेथून जवळच अप्पा बळवंत चौक आहे. पाठ्यपुस्तकांच्या खरेदीसाठी येणारी पिढी त्याला ‘एबीसी’ म्हणते. पानिपतच्या मोहिमेत 1760 च्या डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे धारातीर्थी पडले. अप्पा हे त्यांचे पुत्र. पिता आणि पुत्र या दोघांचीही आठवण त्या नावात आहे. तीन अक्षरांचे संक्षिप्त रूप रूढ झाले, की प्रथम पुसली जाते ती हीच आठवण.

बाजीराव रस्त्याने दक्षिणेकडे येऊन लक्ष्मी रस्त्यावर पूर्वेस वळले, की गणपती चौकाजवळ पूना गेस्ट हाऊस लागते. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते 1935 मध्ये सुरू केले. त्याच वर्षी डेक्कन भागात कॅफे गुडलक उघडले. तेथील चौकाचे अधिकृत नाव नामदार गोखले यांचे असले, तरी लोकांच्या तोंडी ‘गुडलक चौक’ हेच नाव आहे. शहराची ओळख जशी पेशव्यांच्या वाड्यांनी घडविली, तशी परगावच्या पाहुण्यास जेवू घालणाऱ्यांनीही घडविली, याची ही साक्ष होय.

पुढे नाना फडणविसांनी उभारलेल्या विष्णुमंदिरावरून ओळखला जाणारा बेलबाग चौक येतो. दिगंबर परंपरेतील दशलक्षण पर्वाची सांगता अनंत चतुर्दशीस होते. त्याच दिवशी पुण्याची विसर्जन मिरवणूक मंडईतील टिळक पुतळ्यापासून निघून या चौकातून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे जाते. त्या दिवशी मध्यवस्तीत सामानासह पोहोचणे अवघड असते, हे ध्यानात ठेवूनच खोली राखावी.

बेलबागेच्या दक्षिणेस मंडई आहे. शनिवारवाड्यापुढील बाजार 1886 मध्ये या दगडी, अष्टकोनी मनोऱ्याच्या इमारतीत आला. तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरील खर्चास विरोध केला होता; तो पैसा शिक्षणास लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच वास्तूस फुले यांचे नाव देण्यात आले. समोर लोकमान्य टिळकांचा पुतळा असून त्याचे अनावरण 1924 मध्ये मोतीलाल नेहरू यांनी केले. ज्यांची मते अनेक बाबतीत जुळली नाहीत, असे दोन महापुरुष एकाच चौकात नांदत आहेत. अनेकांतवादाचा संस्कार लाभलेल्या घरातील मुलांना याहून चांगला पाठ कोठे मिळेल? सार्वजनिक पैशाच्या खर्चावर प्रश्न विचारणे हेही नागरिकाचे कर्तव्य आहे, हा त्याच पाठाचा दुसरा भाग.

मंडईपासून गुरुवार पेठेतील श्री गोडीजी पार्श्वनाथ मंदिर पायी जाण्याजोगे आहे. पूर्वी या पेठेस वेताळ पेठ म्हणत. दर्शन घेऊन मग नवकारशी करावी.

आता मुक्कामाविषयी. पेठांतील लॉज किंवा धर्मशाळा निवडताना खोलीचे भाडे विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: लिफ्ट आहे का, मंदिर चालत किती मिनिटांवर आहे, कंदमुळे वर्ज्य असलेले भोजन सूर्यास्तापूर्वी मिळेल का, आणि उकळलेल्या पाण्याची सोय आहे का. हिवाळ्यात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दूरच्या हॉटेलातून निघून गर्दीत अडकल्यास चौविहार साधत नाही. भाड्यात वाचलेले पैसे मग रिक्षाभाड्यात आणि मनस्तापात जातात. स्टेशनजवळ राहणे अपरिहार्य असल्यास सप्टेंबर 2024 पासून सुरू झालेला भुयारी मेट्रोमार्ग उपयोगी पडतो. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून थेट मंडईत उतरता येते.

वाडे पडत आहेत, त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. चौकांची नावे मात्र अजून शाबूत आहेत. ती पूर्ण उच्चारावीत आणि त्यांचा अर्थ नातवंडांना त्या जागी उभे राहून सांगावा. त्यासाठी लागतो केवळ एका पहाटेचा लवकर उठण्याचा नियम, आणि तो आपल्या घरांत मुळातच आहे.