लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलता येते का?

शाळेचा लॅपटॉप त्रिमितीय चित्रे दाखवताना अडखळू लागला, की ग्राफिक्स कार्ड बदलावे असे वाटते. टेबलावरच्या संगणकात हे कार्ड खाचेत बसवलेले असते. ते सहज बदलता येते. लॅपटॉपमध्ये मात्र ग्राफिक्सची चिप बहुधा प्रोसेसरमध्येच सामावलेली किंवा मदरबोर्डवर डाख देऊन पक्की केलेली असते. पंखा, उष्णता वाहून नेणारी नळी आणि वीजपुरवठाही तिच्याच मापाने आखलेले असतात. २०२३ साली जाहीर झालेल्या ‘फ्रेमवर्क लॅपटॉप १६’सारखे अपवाद विरळाच. थंडरबोल्ट जोडणीने बाहेरून कार्ड लावता येते. पण माहितीला १६ ऐवजी ४ मार्गिकाच मिळत असल्याने वेग घटतो. प्रोसेसरमधील ग्राफिक्स रॅमच वापरते. म्हणून सोय असल्यास आधी रॅम वाढवून पाहावी. आणि शाळेचे पैसे वाया जाऊ नयेत, यासाठी ग्राफिक्सचा विचार खरेदीपूर्वीच करावा, असे आम्ही सुचवतो.