इंडियन ओपन : मुंबईच्या मातीवरची टेनिस स्पर्धा

इंडियन ओपन ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा १९७३ ते १९७९ अशी सात वर्षे भारतात भरली. ग्रँड प्री या जागतिक स्पर्धामालिकेतला तो भारताचा मुक्काम होता. स्पर्धेला कायमचे असे गाव नव्हते. पहिली दिल्लीत झाली, मग मुंबई, कलकत्ता, बंगळूर, पुन्हा मुंबई, पुन्हा कलकत्ता आणि शेवटी परत मुंबई. १९७४, १९७७ आणि १९७९ अशा तीन खेपा मुंबईच्या वाट्याला आल्या आणि मुंबईत सामने झाले ते मातीच्या कोर्टावर. पुढे भारतात आलेल्या एटीपीच्या बड्या स्पर्धा हार्ड कोर्टवर झाल्या. त्यामुळे महाराष्ट्रात मातीवर खेळल्या गेलेल्या जागतिक दर्जाच्या टेनिसचा इतिहास लिहायचा तर तो बराचसा या तीन वर्षांचाच होतो.

ग्रँड प्रीची कल्पना अमेरिकी खेळाडू आणि संयोजक जॅक क्रेमर यांची. १९६८ मध्ये टेनिस ‘ओपन’ झाले, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक खेळाडू एकाच स्पर्धेत उतरू लागले. त्याआधी विम्बल्डनसारख्या स्पर्धांत पैसे घेऊन खेळणाऱ्यांना मज्जाव होता. बंधन उठले, पण सुटेसुटे सामने ठरवणाऱ्या खासगी मंडळ्यांनी चांगले खेळाडू करारात बांधून घेतले आणि जुन्या राष्ट्रीय स्पर्धा ओस पडण्याची भीती निर्माण झाली. त्यावर १९७० मध्ये ग्रँड प्री सुरू झाली. वर्षभरातल्या निरनिराळ्या देशांतल्या स्पर्धा एका माळेत ओवायच्या, प्रत्येक फेरीला गुण द्यायचे आणि वर्षअखेर सर्वाधिक गुणांच्या मोजक्या खेळाडूंना ‘मास्टर्स’ स्पर्धेत खेळवायचे, अशी ती व्यवस्था होती. पहिली मास्टर्स टोकियोत झाली. ऑगस्ट १९७३ मध्ये खेळाडूंच्या एटीपी या संघटनेने संगणकावर मांडलेली जागतिक क्रमवारी जाहीर केली आणि लांबच्या देशात जाऊन जिंकलेल्या सामन्यालाही हिशेबात किंमत आली. मास्टर्समधली जागा किंवा क्रमवारीतली वरची पायरी हवी असलेला खेळाडू वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत आशियाची फेरी करू लागला. इंडियन ओपन त्या फेरीत बसवलेली होती.

माळेत शिरण्यासाठी भारताने निवडलेली वेळ उत्तम होती. १९७३ मध्ये विजय अमृतराज विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या मातीवर त्याने अंतिम सामन्यात जिमी कॉनर्सला हरवले. त्याच वर्षी दिल्लीत झालेल्या पहिल्या इंडियन ओपनच्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर ऑस्ट्रेलियाचा मॅल अँडरसन होता. अँडरसनने १९५७ मध्ये अमेरिकेचे विजेतेपद जिंकले होते, तेव्हा विजय चार वर्षांचाही नव्हता. हा सामना विजयने ६-४, ५-७, ८-९, ६-३, ११-९ असा जिंकला. तिसऱ्या सेटचा ८-९ हा आकडा आजच्या वाचकाला छपाईची चूक वाटेल. त्या काळी टायब्रेक अनेक ठिकाणी सहा-सहाऐवजी आठ-आठ गेमच्या बरोबरीवर खेळवत. शेवटच्या सेटला तीही सवलत नसे, म्हणून तो ११-९ पर्यंत लांबला. ३८ वर्षांच्या अँडरसनने १९ वर्षांच्या पोराला पाच सेट खेळवले, ही गोष्ट निकालाइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या वर्षी स्पर्धा मुंबईला आली, ती मातीवर. ही माती युरोपातल्या मातीसारखी नव्हती. युरोपात मातीच्या कोर्टाचा जन्म १८८० च्या सुमारास झाला असे सांगतात. विम्बल्डन गाजवणारे रेनशॉ बंधू फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान येथे हिवाळा घालवत, तिथल्या उन्हात हिरवळ जळू लागली म्हणून त्यांनी जवळच्या कुंभारगावातून फुटक्या भांड्यांचा चुरा आणून तिच्यावर पसरला. आजचे पॅरिसचे लाल कोर्टही विटांच्या चुऱ्याचेच आहे. खाली दगड, त्यावर जळक्या कोळशाची राख, त्यावर चुनखडी आणि सर्वांत वर एखाद-दोन मिलिमीटर विटेची भुकटी, असे त्याचे थर असतात. ही सुटी भुकटी चेंडूला अडवते, त्याचा वेग खाते आणि त्याला उंच उसळवते. खेळाडूला तिच्यावर घसरत जाऊन फटका मारता येतो. एकेक गुण लांबतो आणि तडाखेबंद सर्व्हिसवर जगणाऱ्याची पंचाईत होते.

आपल्याकडची कोर्टे त्या-त्या ठिकाणच्या मातीची. महाराष्ट्रात त्यासाठी मुरूम लागतो. खानदेशात तापी-पांझरेच्या काठची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण कोर्टाला कुचकामी आहे. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की भेगाळते, मग चेंडू कुठे जाईल याचा नेम राहत नाही. म्हणून आधी काळी माती उकरून टाकायची, दगड-खडीचा पाया भरायचा, मुरूम पसरायचा, वर चाळलेली लाल माती घालायची, पाणी मारून रूळ फिरवायचा आणि पाणी वाहून जाईल इतका बारीक उतार ठेवायचा. ७८ फूट लांब आणि ३६ फूट रुंद खेळपट्टी, शिवाय चारी बाजूंना पळायला मोकळी जागा. रोज पाण्याचा शिंपडा, रूळ आणि चुन्याच्या रेघा. पावसाळा आला की सगळे बंद, आणि पाऊस संपला की कोर्ट जवळजवळ नव्याने बांधायचे. हे काम करणारा माळी किंवा मार्कर हाच कोर्टाचा खरा जाणकार असे. चेंडू आज खाली राहतोय की वर येतोय, हे तो सकाळी चार पावले चालून सांगे.

असे दाबून घट्ट केलेले कोर्ट विटेच्या चुऱ्यापेक्षा कठीण असते. वर सुटे कण कमी, त्यामुळे चेंडू लवकर अंगावर येतो आणि फार उसळत नाही. घसरायला गेले तर पाय अडतो. थोडक्यात, भारतीय माती म्हणजे युरोपची माती आणि हिरवळ यांच्या मधला प्रकार. मातीवर वाढूनही भारतीय खेळाडू जाळ्याकडे धावणारे आणि हिरवळीवर रमणारे का निघाले, याचे एक कारण इथे सापडते. दुसरे कारण मानाचे. जिल्ह्याच्या गावातल्या क्लबांत रोजचा खेळ मातीवर चाले, पण प्रतिष्ठा हिरवळीला होती. कलकत्त्याच्या साउथ क्लबची आणि दिल्ली जिमखान्याची हिरवळ हे देशाच्या टेनिसचे दर्शनी दालन मानले जाई. डेव्हिस चषकाचे घरचे सामने पुष्कळदा मुद्दाम हिरवळीवर घेतले जात. याचा हिशेब १९८७ मध्ये चुकता झाला. सिडनीच्या हिरवळीवर ऑस्ट्रेलियाला हरवून भारत अंतिम फेरीत गेला, तर स्वीडनने गोटेनबर्गच्या बंदिस्त सभागृहात मातीचे कोर्ट घातले आणि सामना ५-० असा जिंकला.

१९७४ च्या मुंबईतल्या अंतिम फेरीत भारतीय नव्हता. एका बाजूला ऑस्ट्रेलियाचा टोनी रोश, १९६६ चा फ्रेंच विजेता, म्हणजे मातीवर सिद्ध झालेला डावखुरा. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडचा ऑनी पारून. १९७३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तो जॉन न्यूकोंबकडून अंतिम सामना हरला होता आणि १९७४ मध्येच डिक क्रीलीच्या जोडीने पॅरिसचे दुहेरी विजेतेपद त्याने मिळवले होते. कागदावर रोश वरचढ, पण पारूनने सरळ तीन सेटमध्ये ६-३, ६-३, ७-६ असा विजय मिळवला.

१९७५ मध्ये कलकत्त्यात विजयने अंतिम सामन्यात स्पेनच्या मॅन्युएल ओरांतेसला हरवले. त्याच वर्षी ओरांतेस फॉरेस्ट हिल्सच्या मातीवर कॉनर्सला नमवून अमेरिकन ओपनचा विजेता झाला होता, तेव्हा या स्पर्धेत आलेला हा बहुधा सर्वांत वजनदार पाहुणा. १९७६ चे बंगळूर लवकर आटोपते. ऑस्ट्रेलियाच्या किम वॉरविकने भारताच्या शशी मेननला ६-१, ६-२ हरवले.

१९७७ मध्ये मुंबईला पुन्हा पाळी आली. आता विजयसमोर अमेरिकेचा डावखुरा टेरी मूर होता आणि विजयने ७-६, ६-४ असे त्याला हरवले. अंतिम सामना आता पाचऐवजी तीन सेटचा झाला होता. १९७८ मध्ये कलकत्त्यात फ्रान्सचा १८ वर्षांचा यानिक नोआ आपल्याच देशाच्या पास्काल पोर्तेसला ६-३, ६-२ हरवून विजेता झाला. पाच वर्षांनी हाच नोआ पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन जिंकणार होता. तेव्हा ते कलकत्त्यात कोणाला दिसले असेल असे वाटत नाही. १९७९ ची शेवटची स्पर्धा मुंबईत झाली आणि विजयने पश्चिम जर्मनीच्या पीटर एल्टरला ६-१, ७-५ असे हरवले. सात स्पर्धांत विजय अमृतराजची विजेतेपदे चार झाली, १९७३, १९७५, १९७७ आणि १९७९. विषम वर्षी विजय आणि सम वर्षी पाहुणा, असा हा विचित्र क्रम सातही वर्षे मोडला नाही.

विजेत्यांच्या यादीत स्पर्धेचे बळ दिसते, तसे दुबळेपणही. एका खेळाडूभोवती ती उभी होती. दरवर्षी गाव बदलत गेल्याने मोंटे कार्लो किंवा रोमला जसा कायमचा प्रेक्षक, ठरलेले मैदान आणि आठवणींचा साठा मिळाला तसा इथे जमला नाही. पैशाची अडचण निराळीच. ग्रँड प्रीचे बक्षीस डॉलरमध्ये मोजले जाई. भारतात १ जानेवारी १९७४ पासून परकीय चलन नियमन कायदा लागू होता आणि डॉलर देशाबाहेर जाऊ देणे सरकारला जड जाई. दूरचित्रवाणीचे प्रेक्षक थोडे होते आणि जाहिरातदारांचे लक्ष क्रिकेटकडे होते. पश्चिमेकडे बक्षिसांच्या रकमा वेगाने वाढत होत्या. त्या शर्यतीत अशा स्पर्धेचा निभाव लागणे कठीणच होते. १९७९ नंतर ती भरली नाही.

पुढची घडी मात्र मातीच्या जास्तच विरुद्ध गेली. ग्रँड प्रीत कोणत्या आठवड्यात कशावर खेळायचे यात यजमानाला बरीच मोकळीक होती. हळूहळू वर्षाचे भाग पृष्ठभागाप्रमाणे पडत गेले. लाल मातीचा मोठा हंगाम एप्रिल ते जून, म्हणजे युरोपचा वसंत आणि आपला होरपळणारा उन्हाळा, त्याच्या पाठीला पाऊस. ऑस्ट्रेलियन ओपन १९८७ पासून जानेवारीत स्थिरावली आणि १९८८ मध्ये कूयोंगची हिरवळ सोडून मेलबर्नच्याच नव्या संकुलातल्या हार्ड कोर्टवर गेली. तिच्या आधीच्या आठवड्यांत येणारा खेळाडू तिचीच तालीम शोधू लागला. १९९० मध्ये ग्रँड प्रीच्या जागी एटीपी टूर आली. स्पर्धेचा आठवडा हा एक परवानाच झाला, आणि ज्याच्याकडे परवाना तो ती शहरातून शहरात नेऊ शकतो. हवा चांगली असते तो भारताचा काळ हिवाळ्याचा, आणि हिवाळ्याच्या टोकाला मिळणारा जानेवारीचा आठवडा हार्ड कोर्टचा. त्यामुळे लाल मुरूम मुबलक असलेल्या देशात जागतिक मालिका डांबर-काँक्रीटवर रंग देऊन केलेल्या कोर्टांवर खेळली जाऊ लागली.

१९९६ मध्ये दिल्लीत एटीपीची स्पर्धा आली, दुसऱ्या वर्षी ती चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तिथे राहिली. २००८ मध्ये मातीचा अनभिषिक्त राजा राफाएल नदाल तिथे अंतिम फेरीत मिखाईल युझ्नीकडून ६-०, ६-१ असा हरला. मातीवर हा आकडा कोणी खरा मानला नसता. दरम्यान २००६ आणि २००७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात किंगफिशर एअरलाइन्स टेनिस ओपन भरली. पहिल्या वर्षी रशियाच्या दिमित्री तुर्सुनोवने टोमास बर्डिचला आणि दुसऱ्या वर्षी फ्रान्सच्या रिशार गास्केने ऑलिव्हिए रोशुसला हरवले. मुंबईत मोठे टेनिस परतले, पण जमीन बदलून, आणि तेही दोनच वर्षे.

चेन्नईची स्पर्धा २०१८ मध्ये महाराष्ट्रात आली. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ती महाराष्ट्र ओपन या नावाने भरू लागली. पहिला विजेता फ्रान्सचा जिल सिमॉन. २०१९ मध्ये केविन अँडरसनने जवळजवळ ४० वर्षांच्या इव्हो कार्लोविचला तीन टायब्रेकमध्ये हरवले आणि रोहन बोपण्णा-दिविज शरण यांनी दुहेरी जिंकली. २०२० चा विजेता यिरी व्हेसेली, २०२२ चा जुआओ सौसा. २०२१ ची स्पर्धा महामारीत गेली. जानेवारी २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीक्सपूरने फ्रान्सच्या बेंजामिन बोंझीला हरवले आणि पुण्यातला हा शेवटचा अंतिम सामना ठरला. २०२४ मध्ये एटीपीच्या वेळापत्रकातली जानेवारीच्या पहिल्या आठवड्याची ती जागा हाँगकाँगकडे गेली. तिथेही हार्ड कोर्टच आहे.