शीत इंजिनाचे प्रज्वलन आणि ब्लॉक हीटर

पौषात येरळेकाठी वडूजला पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेच्या सुमारास पारा 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. अशा पहाटे कांदा-बटाटा भरून उभी असलेली एखादी मालमोटार दोनतीन प्रयत्नांनंतर सुरू होते, काही वेळ पांढरा धूर ओकते आणि मग सावकाश ताळ्यावर येते. हा दोष थंडीचा की इंजिनाचा, याचा निर्णय झाल्यावाचून शीत देशांत रूढ असलेला ‘ब्लॉक हीटर’ येथे उपयोगी पडेल किंवा कसे, हे ठरविता येणार नाही.

रुडॉल्फ डीझेलने 1897 साली औग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. संपीडनाचे गुणोत्तर 17 मानून व उष्णतेचा काही व्यय गृहीत धरून गणित केल्यास 30 अंशांची हवा सुमारे 540 अंशांपर्यंत, 10 अंशांची 490 पर्यंत आणि शून्याखाली 20 अंशांची 410 पर्यंत तापते. डीझेल तेल पेटावयास याहून पुष्कळच कमी तापमान पुरते. मग अडते कोठे?

अडते ते इंजिन फिरविण्यात. थंडीने वंगण दाट होते आणि बॅटरीचे बळ घटते. शून्याखाली 18 अंशांस ते निम्म्याच्या आसपास येते. इंजिन मंद फिरले की दाबलेल्या हवेला कड्यांच्या बाजूने निसटावयास व गार भिंतींना आपली उष्णता देऊन टाकावयास अवधी मिळतो. गणितातील आकडा मग प्रत्यक्षात उतरत नाही. न पेटलेल्या तेलाचे तुषार म्हणजेच तो पांढरा धूर. विहिरीवरील ऑइल इंजिन हँडलने सुरू करणारा शेतकरी हे तत्त्व नकळत पाळीत असतो: आधी खटका उचलून दाब सोडावयाचा, चाकाला पुरेसा वेग द्यावयाचा आणि मगच खटका पाडावयाचा.

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा प्रांताच्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा तापकाचे एकस्व 1949 साली मिळाले. आज मालमोटारींत बहुधा 1000 ते 1500 वॅटची विद्युत्-कांडी सिलिंडरभोवतालच्या पाण्यात बसवितात. निघण्यापूर्वी दोन ते चार तास ती चालू ठेवली, की ऊन पाणी वर चढते, गार खाली येते व सारा ठोकळा कोमट होतो. कांडी पाण्यात पूर्ण बुडालेली हवी. भोवती हवा अडकल्यास ती जळते. टाकीतील तेल किंवा बॅटरी मात्र तिने तापत नाही. तेलातील मेण गोठून गाळणी तुंबणे हे निराळेच संकट होय. त्यावर लडाखसाठी 2019 साली इंडियन ऑइलने शून्याखाली 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डीझेल आणले.

वडूजच्या 10 अंशांत यांपैकी काहीच घडत नाही. 540 च्या जागी 490 अंश मिळाले, तरी निकोप इंजिन काही क्षणांत सुरू व्हावयास हवे. होत नसेल तर झिजलेल्या कड्या, गळके व्हाल्व्ह, तेलाच्या नळीत शिरलेली हवा, बिघडलेला फवारा अथवा दुबळी बॅटरी यांपैकी एकाचा संशय घ्यावा. तीन तासांत तीनचार युनिटे वीज खर्चून ब्लॉक हीटर हा दोष फार तर झाकील. कडी झिजतच राहील. नुसते उभ्याने इंजिन दीर्घकाळ चालवून तापविणेही हिताचे नाही, कारण न जळलेले तेल भिंतीवरील वंगण धुऊन खालच्या टाकीत उतरते. थोडा वेळ थांबून हलक्या वेगाने गाडी हाकणे बरे.

इंजिनाखाली चिंध्यांचा बोळा पेटवून धग देणे, हा मालमोटारवाल्यांचा जुना उपाय. तो मात्र सर्वस्वी त्याज्य मानला पाहिजे. खालच्या टाकीला चिकटलेला तेलकट मळ, रबरी नळ्या आणि विजेच्या तारा तेथून हातभर अंतरावर असतात, आणि चालक त्या वेळी बहुधा वर कॅबिनमध्ये बसून स्टार्टर मारीत असतो.